लब-डब : डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात तेव्हा काय ऐकतात?

प्रिय पालक, विद्यार्थी मित्र आणि शाळेचे स्नेही,



दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या शाळेत मुलांची आरोग्य तपासणी होते. उंची, वजन, डोळे, दात आणि शेवटी छाती. तपासायला येणारे डॉक्टर आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत, त्यामुळे मुलांना त्यांची भीती वाटत नाही. यंदा सातवीतल्या एका मुलाच्या कार्डावर त्यांनी शेवटच्या रकान्यात लिहिले, "मर्मर ऐकू येतो. इको करून घ्यावा." दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत त्याची आई ऑफिसच्या दारात उभी होती. "सर, काल रात्रभर घरात कुणी झोपले नाही. ह्याच्या हृदयाला भोक आहे का हो?"

आम्ही त्यांना बसवले, पाणी दिले, आणि डॉक्टरांना फोन लावला. पुढच्या आठवड्यात इको झाला. हृदय ठणठणीत निघाले. पण त्या माउलीची ती एक रात्र गेली ती गेलीच. एका ओळीचा अर्थ कुणी नीट समजावून सांगितला असता, तर ती वाचली असती. म्हणून यंदाच्या अंकात हा विषय घेतला. आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून, पुस्तके चाळून जे समजले ते आपल्या भाषेत सांगत आहोत.

नाडी : मनगटावरची बातमी

तपासणीची सुरुवात बहुधा मनगटापासून होते. अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या जरा आत, तीन बोटे हलकेच ठेवली की नाडी लागते. आपल्या वैद्यांची परंपराही तीन बोटांचीच. हृदय आकुंचन पावते आणि रक्त महाधमनीत ढकलते, त्या धक्क्याची लाट धमन्यांच्या भिंतींतून पुढे धावते. ती लाट बोटांना लागते, तीच नाडी. मनगटापर्यंत तेवढ्या क्षणात रक्त पोहोचत नाही, लाट पोहोचते.

आठवीच्या वर्गाला आम्ही हा प्रयोग करायला लावला. एक मुलगा घाबरून म्हणाला, "सर, माझी नाडीच नाही!" त्याने बोटे इतकी दाबून धरली होती की धमनीच बंद झाली होती. दुसऱ्याने मित्राची नाडी अंगठ्याने मोजली आणि मोजली ती स्वतःचीच, कारण अंगठ्यालाही ठळक नाडी असते. म्हणून नियम दोन : अंगठा वापरायचा नाही आणि दाबायचे नाही.

डॉक्टर नाडीत काय पाहतात? पहिला वेग. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. नवजात बाळाचे १०० ते १६०, शाळकरी मुलाचे साधारण ७० ते ११०. ताप, भीती, धावपळ यांनी वेग वाढतो. रोज पळण्याचा सराव करणाऱ्याचा ६० च्या खालीही असतो आणि त्यात काही बिघडलेले नसते. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाचे होतात १,०३,६८०. गणिताच्या तासाला मुलांनी हे फळ्यावर करून पाहिले आणि क्षणभर वर्ग गप्प झाला.

दुसरी गोष्ट लय. आमच्याच वर्गातल्या एका मुलीने हेरले की श्वास घेताना तिची नाडी जरा जलद होते आणि सोडताना मंद. ती काळजीत पडली. पण मुलांमध्ये हे अगदी स्वाभाविक आहे. याउलट घरातल्या आजी-आजोबांची नाडी कसलाच मेळ नसल्यासारखी, कधी दोन ठोके लागोपाठ, कधी मोठी खीळ, अशी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी डॉक्टर एक हात मनगटावर ठेवून छातीवरचे ठोके मोजतात. छातीवर शंभर आणि मनगटावर ऐंशी, असा फरक निघू शकतो, कारण काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो आणि त्यावर औषध आहे. म्हणून दुर्लक्ष करू नये.

तिसरी गोष्ट लाटेचा आकार. महाधमनीच्या तोंडाची झडप अरुंद झाली असेल तर लाट हळूहळू चढते. तीच झडप गळकी असेल तर लाट उसळून येते आणि एकदम बसते.

चौथी गोष्ट अशी, की काही पालकांनी तिच्याबद्दल आम्हाला संकोचाने विचारले होते. लहान मुलांच्या जांघेत डॉक्टर बोट ठेवून का पाहतात? तिथेही नाडी असते. काही मुलांची महाधमनी जन्मतःच छातीत एका जागी आवळलेली असते. हाताकडे जाणाऱ्या फांद्या बहुधा त्या जागेच्या आधी फुटतात, म्हणून मनगटाची नाडी जोरकस लागते, पण जांघेतली मंद, उशिरा, किंवा लागतच नाही. दोन्ही नाड्या ताडून पाहण्याने हा दोष बोटांनी सापडतो. ही तपासणी आईच्या किंवा शिक्षिकेच्या समोरच व्हावी, असा आपल्या शाळेचा नियम आहे.

छातीवर तळहात

स्टेथोस्कोप लावण्याआधी डॉक्टर छातीवर हात ठेवतात. हृदयाचे टोक डावीकडे खाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली ओढलेल्या रेषेच्या आसपास बोटांना लागते. लहान मुलांत ते एक बरगडी वर असते. हृदय मोठे झाले असेल तर हा ठोका बाहेर, काखेच्या दिशेने सरकतो. कधी तळव्याला बारीक थरथर लागते. मांजर मांडीवर बसून घुरघुरते तेव्हा हाताला जे जाणवते तसेच. ही थरथर लागली तर तपास करायलाच हवा.

कपाटांचे आवाज

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्या पुस्तकांत हृदयाच्या झडपेला 'कपाट' म्हणत. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला कपाट म्हणजे आईच्या साड्या ठेवायचे कपाट. हृदयात कपाट कशाला, असा प्रश्न आम्हाला बरेच दिवस पडला होता. पुढे कळले की हिंदीतले कपाट म्हणजे दाराची फळी. आज वाटते, तो शब्द किती नेमका होता! कारण हृदयाचे आवाज हे दारे मिटण्याचे आवाज आहेत.

हृदयाचे चार कप्पे : वर दोन अलिंद, खाली दोन निलय. अलिंदातून निलयात उतरताना एकेक दार, डावीकडे द्विदल झडप, उजवीकडे त्रिदल. निलयातून बाहेर पडताना आणखी दोन दारे, एक महाधमनीच्या तोंडाशी, एक फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या तोंडाशी. सगळी दारे एकाच दिशेने उघडतात. रक्त पुढे जाते, मागे येत नाही.

निलय आकुंचन पावले की आतला दाब वाढतो आणि वरची दोन दारे मिटतात. तो 'लब'. रक्त बाहेर गेले, निलय सैल पडले, की बाहेरची दोन दारे मिटतात. तो 'डब'. निरोगी दारे उघडताना आवाज होत नाही. आपल्या जुन्या वाड्यांची मोठी दुपाखी दारे आठवा. तेल दिलेले दार उघडताना गप्प असते, मिटताना मात्र धप्प होते.

'लब' आणि 'डब' यांच्यामधला वेळ कमी, आणि 'डब' पासून पुढच्या 'लब' पर्यंतचा जास्त. ७२ च्या वेगाने एक फेरा सुमारे ०.८ सेकंदाचा. त्यातले आकुंचन साधारण ०.३ सेकंद आणि विश्रांती ०.५ सेकंद. दिवसभर न थांबणारे हृदय प्रत्येक फेऱ्यात कामापेक्षा विश्रांती अधिक घेते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. वेग वाढला की हा फरक कमी होतो आणि पहिला आवाज कोणता, दुसरा कोणता, हे कळेनासे होते. तेव्हा डॉक्टर कानांनी ऐकताना गळ्याची नाडी बोटाने पाहतात. जो आवाज नाडीच्या उसळीबरोबर येतो तो पहिला.

डॉक्टर स्टेथोस्कोप चार जागी फिरवतात : उरोस्थीच्या वरच्या भागाशी उजवीकडे आणि डावीकडे, मग तिच्या खालच्या डाव्या कडेला, आणि शेवटी हृदयाच्या टोकावर. या जागा झडपांच्या नेमक्या वर नाहीत. रक्त ज्या दिशेने वाहते त्या दिशेला आवाज पोहोचतो, म्हणून तिथे ऐकायचे.

श्वास आत घेतल्यावर मुलांत दुसरा आवाज फाटल्यासारखा होतो, 'डब' ऐवजी 'ड-डब'. कारण त्या वेळी हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येते आणि फुप्फुसाकडचे दार किंचित उशिरा मिटते. श्वास सोडला की दोन्ही आवाज पुन्हा एक होतात. हे सारे ठीक. पण श्वास घेतला काय आणि सोडला काय, फट तशीच राहत असेल, तर दोन अलिंदांमधल्या पडद्याला छिद्र असल्याची शंका येते. डॉक्टर मुलाला "श्वास घे, सोड" म्हणतात त्याचे हे एक कारण.

कधी तिसरा आवाज ऐकू येतो. मुलांत आणि तरुणांत तो निर्दोष असू शकतो. उतारवयात मात्र हृदय थकल्याची ती खूण असू शकते. चौथा आवाज ताठर झालेल्या निलयाचा. तो मुलांत सहसा नसावा.

मर्मर म्हणजे काय?

नळीतून पाणी संथ वाहते तेव्हा आवाज येत नाही. नळीचे तोंड अंगठ्याने दाबा, लगेच फुसकारा सुरू होतो. नर्मदेचे पाणी येण्याच्या वेळी घराघरांतले नळ काय काय आवाज करतात, ते आपण इंदूरकर रोज ऐकतो. रक्ताचेही तसेच. प्रवाह खळबळला की दोन ठोक्यांच्या मध्ये फुसफुस ऐकू येते. तिलाच मर्मर म्हणतात. मर्मर हा रोग नाही, तो एक आवाज आहे. तो निरोगी हृदयातही येतो.

कितीतरी निरोगी मुलांत वाढीच्या वयात कधी ना कधी असा आवाज सापडतो. ताप असला किंवा अंगात रक्त कमी असले की रक्त जोराने वाहते आणि आवाज वाढतो. निर्दोष मर्मर साधारण मऊ असतो, 'लब' आणि 'डब' यांच्या मधल्या छोट्या वेळेतच येतो आणि मूल उठून बसले की बदलतो. गळ्याच्या शिरांमधली एक घूं-घूं तर मूल आडवे झाले की नाहीशी होते. सातवीतल्या आपल्या मुलाचा मर्मर असाच निर्दोष होता. याउलट 'डब' नंतरच्या विश्रांतीच्या वेळेत ऐकू येणारा मर्मर निर्दोष धरत नाहीत. गळ्याच्या शिरांची ती घूं-घूं तेवढी वेगळी.

आवाजाच्या जोराला सहा पायऱ्या आहेत. फ्रीमन आणि लेव्हाइन या अमेरिकी डॉक्टरांनी १९३३ साली ही पद्धत मांडली. पहिल्या पायरीचा मर्मर फक्त कान लावून शांतपणे ऐकणाऱ्यालाच लागतो. चौथ्यापासून हाताला थरथर जाणवते. सहावा स्टेथोस्कोप छातीपासून किंचित उचलला तरी ऐकू येतो. पण मोठा आवाज म्हणजे मोठा दोष, असे मुळीच नाही. दोन निलयांमधल्या पडद्याचे छिद्र लहान असेल तर त्यातून रक्त जोराने घुसते आणि आवाज मोठा होतो. छिद्र फार मोठे असेल तर आवाज उलट कमी असू शकतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे इथेही खरे.

कागदाच्या सुरळीपासून

१८१६ सालापर्यंत डॉक्टर रोग्याच्या छातीला थेट कान लावत. त्या वर्षी पॅरिसमध्ये रेने लाएनेक यांच्याकडे एक तरुण रुग्ण स्त्री आली. कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीला आणि दुसरे स्वतःच्या कानाला लावले, आणि ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी लाकडी नळी बनवली आणि १८१९ मध्ये ग्रंथ लिहिला. संकोचातून सुचलेली ही युक्ती आज जगभर डॉक्टरांच्या गळ्यात आहे. मुलांनी कागदाची सुरळी करून भावंडाचे ठोके जरूर ऐकावेत.

दोन्ही कानांचा स्टेथोस्कोप १८५० नंतरच्या काही वर्षांत आला. आताच्या स्टेथोस्कोपला बहुधा दोन बाजू असतात. पडद्याची चपटी बाजू उंच सुरांचे आवाज पकडते, घंटेसारखी खोलगट बाजू खर्जातले. द्विदल झडप अरुंद झाल्याचा मर्मर खर्जातला असतो. तो ऐकायला रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात आणि घंटा हलकेच टेकवतात. खोलीत गडबड असेल तर तो हमखास निसटतो. म्हणून तपासणीच्या दिवशी आपण त्या खोलीबाहेर रांग लावत नाही आणि पंखा बंद ठेवतो.

आमची एक चूक

आता जे लिहितो आहोत, ते लिहायला जड जाते. काही वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी पी.टी.च्या तासाला सुट्टी मागू लागली. सोमवारी म्हणाली गुडघा दुखतो. गुरुवारी गुडघा बरा होता, घोटा दुखत होता. पुढच्या आठवड्यात मनगट. तक्रार आमच्याकडे आली. आम्ही हसून म्हणालो, "दुखण्याची जागा रोज बदलते, म्हणजे बहाणाच दिसतो." आणि तिला मैदानावर पाठवले.

महिन्याभराने तपासणी झाली. डॉक्टरांनी तिच्या हृदयाच्या टोकावर स्टेथोस्कोप ठेवला, मग तो सरकवत काखेपर्यंत नेला, बराच वेळ ऐकले आणि विचारले, "मागे घसा फार दुखला होता का? सांधे दुखले होते का, आज इथे तर उद्या तिथे?" आम्ही शेजारीच उभे होतो. जे आम्ही बहाण्याचा पुरावा मानले होते, तेच रोगाचे लक्षण होते.

हा रुमॅटिक ताप. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूंमुळे घसा येतो आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती वाट चुकून सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा होतो, म्हणजे थेट आपल्या शाळेच्या वयाला. सांधे काही दिवसांत पूर्ण बरे होतात आणि सगळे निश्चिंत होतात. पण हृदयाच्या झडपेला झालेली इजा मागे राहू शकते. तिची झडप गळू लागली होती. गळणारे रक्त 'लब' पासून 'डब' पर्यंत अखंड फुसफुसत होते आणि तो आवाज काखेपर्यंत जात होता. डॉक्टरांच्या कानाने हेच ओळखले. इकोने शिक्कामोर्तब केले.

ती मुलगी आज दहावीत आहे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेते, कारण हा ताप पुन्हा उलटला तर झडप आणखी बिघडते. हे इंजेक्शन निदान वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि झडपेत दोष राहिला तर त्याहून पुष्कळ पुढे घ्यावे लागते. नेमकी मुदत डॉक्टर ठरवतात. तिची तारीख आता ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिलेली असते. आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, मलाही वाटले होते मीच बहाणा करते आहे." हे वाक्य अजून कानातून जात नाही. मोठ्यांनी विश्वास ठेवला नाही की मुलेही स्वतःवरचा विश्वास सोडतात.

पालकांनी काय करावे?

घसा खूप दुखत असेल, ताप असेल, गिळताना त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक लागत नाही, बहुतेक विषाणूंमुळेच असतात. पण डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीचे औषध दहा दिवस सांगितले असेल तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबवू नका. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी रुमॅटिक ताप टळू शकतो.

खेळताना मूल सोबत्यांपेक्षा लवकर धापा टाकते, पळताना चक्कर येऊन पडते किंवा छातीत दुखते, ओठ निळसर होतात, सांधे एकामागून एक सुजतात, घरात कुणी तरुणपणी अचानक गेले आहे, यातले काहीही असेल तर तपासणीच्या दिवसाची वाट पाहू नका. अंगावर पिणारे बाळ दूध पिताना घामाघूम होऊन थकत असेल तरीही दाखवा.

कार्डावर मर्मर लिहिलेला असेल तर घाबरू नका आणि कार्ड कपाटात ठेवूनही देऊ नका. (आता मराठी कपाट!) सांगितलेला इको करून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आणि रुमॅटिक हृदयरोग या दोन्हींची तपासणी धरलेली आहे. खर्चाची अडचण असेल तर ऑफिसात येऊन बोला, रस्ता आपण मिळून काढू.

शिक्षकांसाठी आम्ही एक नियम केला आहे. मूल 'दुखते' म्हणाले की तारीख आणि जागा वहीत लिहायची, आणि आठवड्यात दुसऱ्यांदा म्हणाले तर पालकांना कळवायचे. बहाणा असला तर एक तास बुडेल. त्याहून जास्त काही बिघडणार नाही.

आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर घरात सगळ्यांनी एकमेकांची नाडी मोजावी. आजोबांची नातवाने, नातवाची आजीने. आकडे वहीत लिहून मुलांनी सोमवारी शाळेत आणावेत.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक